पंपाचं वायसर बदल आधी

बाळा,

काल फोनवर बोलता आलं नाही म्हणून लिहायलेय. रविवारी परभणीहून शेतातल्या आखाड्यावर आले तर तुझ्या शर्टाची पाठ ओली, मला वाटलं घाम आहे, जवळ आले तर औषधाचा वास. फवारणीचा पंप गळायलाय अन् तू तसाच सरकीत फिरायलास, वरून म्हणतोस काही होत नाही आई, चक्कर नाही, उलटी नाही, रक्ताचा रिपोर्ट पण नॉर्मल आलाय.

अरे चक्कर-उलटी ही एक गोष्ट झाली. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही औषधं कोलिनएस्टरेज, म्हणजे नसांचा सिग्नल थांबवणारं एन्झाइम, बंद पाडतात, मग तो सिग्नल थांबतच नाही, घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात. ते दिसतं तरी, त्याला ॲट्रोपिनचा उतारा आहे. २०१७ ला यवतमाळकडं फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली.

मला भीती दुसऱ्याची आहे. लॅबमध्ये माणसाच्या नसांसारख्या पेशी वाढवतात, एसएच-एसवाय५वाय म्हणतात, १९७० साली कॅन्सर झालेल्या एका ४ वर्षांच्या मुलीच्या पेशींपासून आलेल्यायत. त्यांच्यावर क्लोरपायरीफॉस टाका नाहीतर तू फुलकिड्यांवर मारतोस ते फिप्रोनिल टाका, पेशी आकसत जाते, आतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या वीजघराला, गळती लागते, त्यातलं सायटोक्रोम-सी नावाचं प्रोटीन बाहेर येतं, त्यानं कॅस्पेज नावाची कातरणारी एन्झाइमं जागी होतात अन् पेशी स्वतःच स्वतःला आतून कातरून संपवते. अन् फिप्रोनिलचा त्या कोलिनएस्टरेजशी संबंधच नाही रे, ते गाबाचा, म्हणजे नसांना शांत करणाऱ्या रसायनाचा, रस्ता अडवतं, म्हणजे तुझ्या कोलिनएस्टरेजच्या नॉर्मल रिपोर्टात ते दिसणारच नाही!

आता ताटलीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे, तिथं पेशीवर थेट औषध टाकतात, तुझं लिव्हर बरंच मोडून बाहेर टाकतं, हे बारावीच्या पोरांना शिकवणाऱ्या मला कळतं. पण कातडी सोलली तर परत येते, मेंदूतल्या पेशींचं तसं नाही, म्हणून माझा जीव थाऱ्यावर नाही.

वायसर नवं टाक, उघड्या हातानं औषध कालवू नको, भाकरी खायच्या आधी साबणानं हात धू, वारं तोंडावर असलं तर फवारू नको. गुरुवारच्या एसटीनं रबरी हातमोजे अन् चष्मा पाठवते, कंडक्टरकडून घे. अन् तो शर्ट घरच्या धुण्यात टाकू नको, छोटीचे फ्रॉक असतात त्यात.

तुझी आई