‘महाधिवक्ता’ नव्हे, निवडून आलेला ॲटर्नी जनरल

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेतल्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) केंद्र सरकारला किंवा एखाद्या बड्या कंपनीला कोर्टात खेचल्याच्या बातम्या आता वरचेवर येतात. मराठीत त्या छापताना या पदाला कधी ‘महाधिवक्ता’, कधी ‘सरकारी वकील’ म्हटले जाते. दोन्ही शब्दांनी वाचकाची दिशाभूल होते. आपला महाधिवक्ता राज्यघटनेच्या कलम १६५ नुसार राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. व्यवहारात सरकार बदलले की तोही बदलतो. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल थेट मतदानाने निवडला जातो. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि ॲटर्नी जनरल दुसऱ्या पक्षाचा, हे तिथे नेहमीचेच. (गव्हर्नरला ‘राज्यपाल’ म्हणणे हाही तसलाच घोटाळा, तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा.)

या फरकाने काय होते, ते मिसिसिपीच्या माइक मूर यांच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसते. पॅस्कागुला या बंदराच्या गावात १९५२ साली जन्म. आधी जिल्ह्याचे निवडून आलेले फिर्यादी वकील. तिथे त्यांनी आपल्याच काउंटीचा (जिल्ह्याचा) कारभार पाहणाऱ्या भ्रष्ट पर्यवेक्षकांवर खटले भरले. १९८७मध्ये ॲटर्नी जनरलपदी निवड, १९८८ ते २००४ अशा सलग चार मुदती. मध्येच १९८९मध्ये अमेरिकी संसदेची (काँग्रेसची) पोटनिवडणूक लढवून हरले.

२३ मे १९९४ रोजी त्यांनी सिगारेट कंपन्यांवर राज्यातर्फे दावा लावला. असा दावा लावणारे मिसिसिपी हे पहिले राज्य. कल्पना त्यांचे कॉलेजमित्र वकील माइक लुईस यांची. लुईस यांच्या सेक्रेटरीची आई धूम्रपानाने जडलेल्या हृदयविकाराने मरणाच्या दारात होती आणि उपचारांचा खर्च मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी योजना, उचलत होती. तोवरच्या चाळीस वर्षांत एकाही कंपनीला नुकसानभरपाईचा एक डॉलर मोजावा लागला नव्हता. कारण उघड आहे. धूम्रपान करणारा स्वतः फिर्यादी झाला की कंपनीचे उत्तर तयार असे: पाकिटावर इशारा छापलेला होता, तरी तुम्ही ओढलीत. मूर यांनी फिर्यादीच बदलला. राज्याने कधी सिगारेट ओढली नव्हती, राज्याने फक्त बिले भरली होती.

दावा लावला तो चान्सरी कोर्टात. तिथे ज्युरी नसते, न्यायाधीश न्यायबुद्धीच्या तत्त्वांवर निकाल देतो. मागणीचा पाया अन्याय्य लाभ आणि सार्वजनिक उपद्रव: नफा कंपनीचा, आजारपणाचा खर्च राज्याचा, तेव्हा तो परत करा. एकेका रुग्णाचे कागद मांडायचे नव्हते. एखाद्या आजारावरच्या एकूण खर्चातला किती हिस्सा धूम्रपानामुळे, हे संख्याशास्त्राने काढायचे. यावर बचाव काय आला, तर धूम्रपान करणारे लवकर मरतात, त्यांच्या म्हातारपणाचा राज्याचा खर्च वाचतो, ती बचत वजा करा! असा हिशेब कोर्टात मांडायला विलक्षण निर्ढावलेपण लागते.

मूर डेमोक्रॅट, गव्हर्नर कर्क फोर्डिस रिपब्लिकन. मेडिकेड माझ्या अखत्यारीत आहे, माझ्या संमतीविना दावा चालू शकत नाही, म्हणून गव्हर्नर १९९६मध्ये थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९९७मध्ये न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. आपल्या महाधिवक्त्यावर ही वेळ आली असती, तर कोर्टापर्यंत जायची गरजच पडली नसती. एका पत्राने काम भागले असते.

जुलै १९९७मध्ये, सुनावणी तोंडावर आली असताना, कंपन्यांनी सुमारे ३.४ अब्ज डॉलरवर तडजोड केली. पुढे कुणाला जास्त चांगल्या अटी मिळाल्या तर आम्हालाही, असे कलम मूर यांनी करारात घातले होते. मिनेसोटाने नंतर अधिक मिळवल्यावर मिसिसिपीचा आकडा ४ अब्जांच्या पुढे गेला. फ्लोरिडा, टेक्सास आणि मिनेसोटा यांनीही स्वतंत्रपणे तडजोडी केल्या. उरलेल्या ४६ राज्यांचा सामायिक करार २३ नोव्हेंबर १९९८ला झाला: २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर, जाहिरात फलक बंद, जाहिरातींतली कार्टून पात्रे बंद.

बाजू दुसरीही आहे, आणि कौतुकाच्या भरात ती गाळली जाते. दाव्याचा खर्च राज्याने केला नाही. खासगी वकिलांनी जिंकल्यास हिस्सा या बोलीवर तो उचलला. लवादाने मिसिसिपी, फ्लोरिडा आणि टेक्सास या तीन राज्यांच्या वकिलांना मिळून ८ अब्ज डॉलरहून जास्त फी ठरवली. मिसिसिपीच्या वकिलांतले प्रमुख डिक स्क्रग्ज २००८मध्ये वेगळ्याच प्रकरणात, एका न्यायाधीशाला लाच देण्याच्या कटात दोषी ठरले. ४६ राज्यांच्या करारात पैसा आरोग्यावरच खर्चावा अशी सक्ती नव्हती, त्यामुळे बऱ्याच राज्यांनी तो तुटीच्या अर्थसंकल्पात जिरवला, काहींनी पुढच्या हप्त्यांवर रोखे काढून आगाऊ रक्कम उचलली. शिवाय हप्ता सिगारेटच्या खपाशी बांधलेला. खप घटला की राज्याचे उत्पन्न घटते. म्हणजे ज्याच्याशी भांडलात त्याचाच धंदा टिकावा असे वाटण्याची वेळ.

निवडणुकीतून येणाऱ्या पदाला पुढच्या खुर्चीचा मोह असतोच. बिल क्लिंटन आर्कान्साचे ॲटर्नी जनरल होते, कमला हॅरिस कॅलिफोर्नियाच्या. त्यामुळे एखादा दावा जनहितासाठी की प्रचारासाठी, ही शंका तिथे प्रत्येक वेळी घेतली जाते.

आपल्या महाधिवक्त्यालाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली सार्वजनिक उपद्रवाबद्दल दावा लावता येतो. मूर यांच्या हातातल्या शस्त्रांपैकी एक तेच होते. तरी आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये बंदी घातली, ती महाधिवक्त्याच्या दाव्यावर नव्हे, तर मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर.

तेव्हा विनंती एवढीच: बातमीत ‘राज्याचे ॲटर्नी जनरल’ हाच शब्द ठेवावा, आणि ते निवडून आलेले की नेमलेले, कुठल्या पक्षाचे, हे कंसात द्यावे. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंगमध्ये गव्हर्नर नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडते, टेनेसीत राज्याचे सर्वोच्च न्यायालय.

आपला,
एक वकील वाचक, सातारा