कोरकू मुलांना आधी कोरकूत वाचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय जून २०२५ अखेर मागे घेतले गेले, तेव्हा मलाही आनंद झाला. सहा वर्षांच्या लेकरावर दुसरी भाषा लादू नका, हे आपण पुणेकरांनी किती पोटतिडकीने मांडले! मेळघाटातल्या लेकरासाठी ती दुसरी भाषा मराठी आहे, एवढेच सांगायला हे पत्र.

धारणी तालुक्यात मी नऊ वर्षे पहिलीला शिकवले. तिथे घरोघरी कोरकू. ती मराठीची बोली नव्हे. मुंडा कुळातली, संथाळीच्या नात्यातली स्वतंत्र भाषा आहे. डी.एड.ला हे मला कोणी सांगितले नव्हते. भिंतीवरच्या तक्त्यातल्या घरावर बोट ठेवून मी विचारायची, "हे काय?" मुले एका सुरात म्हणायची, "उरा." मी म्हणायची, "चूक. घर. घ घराचा." वाघाला ती 'कुला' म्हणत, पाण्याला 'दा'. चित्र ओळखले की अक्षराचा आवाज सापडावा, यासाठीच तर तो तक्ता; या मुलांनी चित्र अचूक ओळखले तरी हाती भलताच आवाज यायचा. एक मुलगी वर्षभर तोंडातून शब्द काढेना. प्रगतिपुस्तकात मी 'मंद' असा शेरा मारला. मग एकदा सिपना नदीवर ती धाकट्या भावाला गोष्ट सांगताना दिसली. हातवारे करत, न थांबता. तो शेरा मला अजून सलतो.

पुढच्या वर्षी गावातल्या एका आजींना वर्गात बोलावले. त्यांनी शब्द सांगायचा, मी फळ्यावर चित्र काढून शेजारी अक्षर लिहायचे. घराशेजारी 'उ' आला. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग शब्द जोडू लागला. लिपी देवनागरीच, त्यामुळे पुढे मराठीकडे वळताना अक्षरे नव्याने शिकावी लागली नाहीत.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ १९५६ पासून सांगते. बालभारती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, दोन्ही पुण्यातच आहेत. कोरकू, गोंडी, भिली आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कातकरी मुलांच्या बोलीतली वाचनपुस्तके पहिलीच्या प्रत्येक वर्गात पोचतील, हे त्यांनी मिळून पाहावे. शिवाय ती भाषा बोलणारे गावातले एक माणूस वर्गात नेमावे, आणि पगार देऊन नेमावे. त्या आजी रोज शेतातली मजुरी बुडवून येत. मी त्यांना एक रुपयाही मिळवून देऊ शकले नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे