जावयाच्या गाडीतलं दुसरं डोकं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मुंबईला कारपूल लेन, म्हणजे एकापेक्षा जास्त माणसं बसलेल्या गाड्यांसाठी राखीव मार्गिका, हवी म्हणणारा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण आदल्या दिवशी वाटलं की आपलाच चष्मा बदलायला झालाय. लॉस एंजेलिसच्या ४०५ महामार्गाचं एवढं गुणगान! लेखकमहाशयांनी तो रस्ता बहुधा विमानाच्या खिडकीतून पाहिला असावा. मी त्याच रस्त्यावर २०१४ च्या उन्हाळ्यात तीन आठवडे बसून होतो. 'बसून' हा शब्द जाणूनबुजून वापरतोय.

लेक-जावई डोंगरापलीकडे व्हॅलीत राहायचे, जावयाचं ऑफिस समुद्राकाठच्या सांता मोनिकाच्या बाजूला. मी पोचलो त्याच आठवड्यात तो म्हणाला, "बाबा, चला, तुम्हाला समुद्र दाखवतो." दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवला. तिसऱ्या दिवशी थर्मासमध्ये चहा भरताना लेक हळूच म्हणाली, "तुम्ही शेजारी बसलात की त्याला कारपूल लेन मिळते हो." म्हणजे मी पाहुणा नव्हतो, दुसरं डोकं होतो! गाडीत दोन माणसं असली की झालं, मग त्यातला एक सत्तरीचा आणि घोरणारा का असेना. एकट्याने त्या लेनमध्ये घुसलात तर तेव्हा कमीत कमी ३४१ डॉलर दंड होता, तशी पाटीच होती. दिवसभर मी लायब्ररीत मासिकं चाळायचो आणि संध्याकाळी पुन्हा डोकं म्हणून कामावर रुजू व्हायचो.

आता मला सांगा, माझ्या बसण्याने रस्त्यावरची एक तरी गाडी कमी झाली का? जावई मी नसतानाही तीच गाडी घेऊन जात होता. शेजारच्या गाड्यांत कुणाची शाळकरी पोरं, कुणाच्या आजीबाई. आपापली गाडी घरी ठेवून एकत्र निघालेले सहकारी असतीलही, मला काही दिसले नाहीत.

संध्याकाळी घरी परतायची, उत्तरेकडे जाणारी लेन त्याच वर्षी मे महिन्यात खुली झाली होती. पाच वर्षं काम आणि शंभर कोटी डॉलरच्या वर खर्च. त्यासाठी महामार्गावरून जाणारा मुलहॉलंडचा पूल निम्मा २०११ मध्ये आणि उरलेला २०१२ मध्ये पाडला, दोन्ही वेळा शनिवार-रविवार महामार्ग बंद ठेवून. (पाडापाडी ठरल्या वेळेआधी उरकली, हे मात्र मान्य. आपल्या सायनच्या रखडलेल्या पुलाकडे बघून तर दुप्पट मान्य.) एवढं करून संध्याकाळी साडेपाचला आम्ही त्या कोऱ्या लेनमध्येही रांगतच होतो. थर्मासमधला चहा डोंगर चढायच्या आत संपायचा.

आणि कारपूल आम्हाला शिकवताय? स्टेशनबाहेर शेअर रिक्षात मागे तिघं बसतात, कधी चौथा रिक्षावाल्याला चिकटून. आमची लोकल बघा. डोकी भरण्यात मुंबई कुणाला हार जात नाही. पूर्व द्रुतगती मार्गावर जागा राखायचीच असेल तर बेस्टच्या बसला राखा. एका बसमध्ये चाळीसेक माणसं नुसती बसून जातात, आणि त्यांची डोकी मोजायला कंडक्टर असतो. तुमच्या कारपूल लेनवर काळ्या काचांच्या गाडीत वाकून कोण बघणार, मुलुंडच्या नाक्यावरचा हवालदार?

लेखात त्या लेनची लांबी १० किलोमीटर छापली आहे. ती १० मैल आहे, म्हणजे १६ किलोमीटर. मी रोज मोजत होतो, दुसरं काम नव्हतं.

जाता जाता एक. शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापण्याचा तुमचा जुना रिवाज होता. गेल्या तीन सोमवारी ते आलेलं नाही. जाहिरातीला जागा कमी पडत असेल तर तसं सांगा, पण आडवा १४ मला अजून सुटलेला नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड (पूर्व)