ओपीडीचे आकडे वाचताना

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रुग्णालयाच्या ओपीडीचा, म्हणजे बाह्यरुग्ण विभागाचा, तुझा 2018 पासूनचा तक्ता पाहिला. ‘मधुमेहाचे रुग्ण घटले’ हे वाक्य आधी खोड. घटल्यात त्या भेटी. औषधं महिन्याची मिळत तेव्हा एकच माणूस वर्षातून 12 वेळा यायचा. तीन महिन्यांची मिळू लागली की 4 वेळाच येतो. माणसं तेवढीच, केसपेपर एक तृतीयांश. उलट डायलिसिसला आठवड्यातून 3 वेळा येणारा एकटा रुग्ण वर्षात 156 नोंदी करून जातो. म्हणून प्रत्येक विभागाला तीन रकाने कर: नवीन, जुने आणि नोंदणी क्रमांकावरून मोजलेली वेगवेगळी माणसं. ‘नवीन’ म्हणजे कोण, तेही विचारून घे. काही ठिकाणी वर्ष बदललं की जुन्यालाही नवा क्रमांक देतात, मग जानेवारीत नव्यांची उगाच गर्दी दिसते.

महिन्यांची तुलना जपून कर. फक्त सोमवारी भरणारी ओपीडी घे. दर सोमवारी 40 जण आले, तर चार सोमवारांच्या महिन्यात 160 आणि पाचांच्या महिन्यात 200. झाली ना 25 टक्के वाढ, काहीही न घडता! एकूण आकड्याला ओपीडीच्या दिवसांनी भाग. खोकल्या-तापाला ऋतू असतो, तेव्हा मागच्या महिन्याशी नको, मागल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघ.

2020 हे कोविडचं वर्ष तुलनेचा पाया म्हणून अजिबात धरू नकोस. 100 वरून 50 झालेला आकडा पुढे 80 वर आला, की अहवालात 60 टक्के वाढ झळकते. प्रत्यक्षात तो अजून 20 ने खालीच असतो. 2019 च्या आकड्याला 100 धर आणि शेजारी खरे आकडेही छाप, कारण छोट्या ओपीडीत दहा माणसांनीही रेघ उडी मारते. फोनवरचे सल्ले कुठे नोंदवले तेही बघ. बऱ्याचदा ते कुठेच नसतात.

मेडिसिनमधून, म्हणजे सर्वसाधारण आजारांच्या विभागातून, एखादी ओपीडी वेगळी निघाली असेल, तर त्या तारखेला आलेखावर उभी रेघ मार आणि दोन्हींची बेरीजही दाखव. नाहीतर मेडिसिन ओस पडलं असा निष्कर्ष निघेल. असले बदल अहवालात सापडत नाहीत, ते नोंदणीच्या खिडकीवर कळतात. तिथे एवढंही विचार, की केसपेपर काढून न तपासता निघून गेलेले ते मोजतात का.

तुझी,
आई