लॅमिंग्टन रोडवरच्या त्या काकांना, ज्यांनी भर मे महिन्यात स्वतःच्या डोक्यावरचा पंखा बंद केला

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

"नाव कुठे छापू नका, नाहीतर उद्या सगळी मुंबई पंखे हातात घेऊन दारात उभी राहील," असे तुम्ही बजावले होते. त्यामुळे या पत्रात तुमचे नाव नाही आणि तुमचा गाळा कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर आहे तेही नाही. तरी तुम्हाला ओळख पटेल. मे महिन्यातल्या एका दुपारी, चादरीत गुंडाळलेले संगणकाचे कॅबिनेट कडेवरच्या मुलासारखे सांभाळत, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलेला आणि तुमच्या स्टुलावर बसताच स्वतःची अडचण सांगण्याऐवजी आधीच्या दुकानदारांची दहा मिनिटे निंदा करणारा डोंबिवलीचा तो गृहस्थ म्हणजे मीच. ती निंदा तुम्ही शांतपणे ऐकून घेतलीत, म्हणून तिचा थोडासा भाग येथे पुन्हा लिहिण्याचे धाडस करतो.

माझी अडचण लोकांना सांगताना पहिला अडथळा शब्दाचाच येत असे. "संगणकाला बिनआवाजाचा कूलर हवा आहे," असे म्हटले की आमच्या आईच्या डोळ्यांपुढे वाळ्याचे पडदे लावलेला नागपुरी कूलर उभा राहतो, आणि दुकानदारांच्या डोळ्यांपुढे इंद्रधनुष्यासारखे चमकणारे दिवे. मला दोन्ही नको होते, हवा होता तो प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. मी दहा बाय दहाच्या खोलीत शास्त्रीय गायन आणि भावगीते ध्वनिमुद्रित करतो. गायिका, तानपुरा, कंडेन्सर मायक्रोफोन आणि संगणक हे चौघेही त्याच खोलीत असतात, कारण दुसरी खोली हे आमचे स्वयंपाकघर आहे. मोठ्या स्टुडिओत संगणक काचेपलीकडे ठेवतात. आमच्याकडे काचेपलीकडे फक्त शेजाऱ्यांची गॅलरी आहे.

२०१८ साली जोडलेल्या माझ्या संगणकात इंटेलचा आय७-८७००के प्रोसेसर आहे. तो मी ओव्हरक्लॉक केला, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला. तसे का केले, हा प्रश्न प्रत्येक दुकानात उपहासाने विचारला गेला: "सर, गेम खेळता का?" तुम्ही तोच प्रश्न खरोखर उत्तर हवे म्हणून विचारलात, आणि मला पहिल्यांदाच पूर्ण उत्तर देता आले. गायिकेला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज रिव्हर्बसह (घुमाऱ्यासह) आणि तत्क्षणी ऐकू यावा लागतो. त्यासाठी मी बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ६४ सॅम्पलचा ठेवतो. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम १.३३ मिलिसेकंद, तेवढ्या अवधीत त्या ट्रॅकवरची सगळी प्लगइन (आवाजावर संस्कार करणारी छोटी सॉफ्टवेअरे) हिशेब उरकून मोकळी झाली नाहीत, तर आलापाच्या मध्यावर फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. एका ट्रॅकवरची प्लगइन एकामागून एक चालतात, ती प्रोसेसरच्या सहा कोअरमध्ये, म्हणजे हिशेब करणाऱ्या सहा भागांत, वाटून देता येत नाहीत, आणि म्हणून तेथे कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग कामी येतो. सगळे कोअर कामाला लागले की ४.३ गिगाहर्ट्झवर चालणारा हा प्रोसेसर मी ५ गिगाहर्ट्झवर नेऊन ठेवला होता तो एवढ्याचसाठी. वेगाबरोबर उष्णता वाढली, उष्णतेबरोबर पंख्याचा वेग वाढला, आणि तो पंखा मायक्रोफोनमध्ये शिरला.

पहिल्या दुकानदाराचे म्हणणे होते की एवढा आवाज तर येणारच. दुसऱ्याने सुचवले की नंतर सॉफ्टवेअरने साफ करा. तेही करून पाहिले. अखंड चालणारा पंखा आणि अखंड चालणारा तानपुरा यांतला फरक त्या सॉफ्टवेअरला कळत नाही. पंख्याबरोबर तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारांचा तो झंकार, खरवडून निघाली आणि उरला तो तारेवर ओला टॉवेल टाकल्यासारखा ठोकळ नाद. तिसरे दुकान चकचकीत होते. तेथे मला पाण्यावर चालणारा कूलर गळ्यात मारण्यात आला. त्याचे पंखे खरोखरच हळू फिरत होते, परंतु पाणी फिरवणारा पंप दिवसरात्र शीळ घातल्यासारखा बारीक वाजत राहिला, अगदी संगणकाला काहीही काम नसतानासुद्धा. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, "सर, हा आवाज फक्त तुम्हालाच येतो." परत घेण्याचा प्रश्नच नव्हता. ते पैसे अक्षरशः पाण्यात गेले. तो कूलर सध्या माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी विसावा घेत आहे. मी जुनाच कूलर पुन्हा बसवून घेतला आणि तुमच्याकडे आलो.

मनावर कोरली गेली आहे ती त्यानंतरची गोष्ट. तुम्ही कॅबिनेट उघडले नाही. आधी मला संगणक चालू करायला लावलात, आणि उष्णतेच्या चाचणीचे कोणतेही ठराविक सॉफ्टवेअर न लावता, ज्या ध्वनिमुद्रणात त्रास होतो तेच उघडा असे सांगितलेत. मग तुम्ही उठलात, शटर अर्ध्यावर ओढलेत, आणि भिंतीवरचे बटण दाबून डोक्यावरचा पंखा बंद केलात. बाहेर मुंबईचा मे महिना होता. गाळ्यात खिडकी नव्हती. पंख्याची पाती गरगर करीत थांबेपर्यंत तुम्ही हाताने मला गप्प राहण्याची खूण केलीत, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची सुरळी करून तिचे एक टोक कानाला आणि दुसरे टोक कॅबिनेटच्या जाळीला लावलेत, आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. किती वेळ ते मी मोजले नाही. एवढे आठवते की तुमच्या सदऱ्याची पाठ ओली झाली, चहावाला पोऱ्या शटरखालून वाकून आत आला आणि आम्हा दोघांना असे निश्चल बसलेले पाहून ग्लास ठेवून पाय न वाजवता निघून गेला.

काका, त्या आधीच्या तीन दुकानांत वातानुकूलन यंत्रे घरघरत होती, रेडिओ चालू होता आणि माझा संगणक तपासला गेला होता तो केवळ डोळ्यांनी. आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या माणसासमोर पाच मिनिटे शांतता करावी, हे त्यांपैकी कोणालाही सुचले नव्हते. त्या चकचकीत दुकानातल्या मुलाने तर बोलताना कानातले इअरफोनही काढले नव्हते.

डोळे उघडून तुम्ही विचारलेत, "बाईंचा सा कुठला?" मी म्हटले, काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तुम्ही पडद्यावर पंख्याच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या पाहिल्यात, पाती मोजलीत आणि माझ्याच जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलेत: १७८० गुणिले ७ भागिले ६०. उत्तर आले २०७.७. काळी चारचा षड्ज २०७.६५ हर्ट्झचा. "अहो, हा तर बाईंच्या सुरातच गातोय, फक्त मधूनमधून सूर सोडतोय," असे तुम्ही म्हणालात, आणि लहानपणी भजनी मंडळात पेटी धरत असल्याचे ओझरते सांगितलेत. तुमच्या कपाळावरचा घाम त्या बिलावर पडला आणि ६० मधला शून्य फिसकटला. ते बिल मी जपून ठेवले आहे.

ते ऐकून मला हसावे की रडावे ते कळेना, कारण गेले कित्येक महिने आमच्या बाई तानपुरा लागत नाही अशी तक्रार करीत होत्या आणि आम्ही दर बैठकीला पाऊण तास जोडाच्या तारा पिळत बसत होतो. पंखा १७८० वरून १७९० फेऱ्यांवर गेला की त्याचा नाद २०८.८ हर्ट्झ होतो, आणि शेजारी २०७.६५ ची तार चालू असेल तर सेकंदाला एखादी लाट उठल्यासारखे ऐकू येते. बाईंचे कान खरे होते, तानपुराही खरा होता. मी मात्र एकदा त्यांना, आज जरा थकला आहात का, असे विचारले होते. तुमच्याकडून परतल्यावर त्या प्रश्नाबद्दल पहिली क्षमा मी त्यांची मागितली.

कूलर कोणता निवडला हे अनेकजण विचारतात, म्हणून थोडक्यात लिहितो. मी मनात नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ ठरवून आलो होतो, कारण सगळीकडे त्याचीच वाखाणणी वाचली होती. तुम्ही पोलादी पट्टी लावून दाखवलेत की माझ्या कॅबिनेटमध्ये १६० मिलिमीटरच जागा आहे आणि तो पंख्यांसह १६५ मिलिमीटर उंच भरतो. दुसऱ्या एखाद्याने त्या पाच मिलिमीटरांच्या जोरावर मला नवे कॅबिनेटही विकले असते. तुम्ही त्याच कंपनीचा १५८ मिलिमीटर उंचीचा एनएच-यू१२ए सुचवलात, जो तुमच्याकडे नव्हताच, आणि तो घ्यायला मला दुसऱ्या दुकानात पाठवलेत. "एकाऐवजी दोन पंखे झाल्यावर आवाज वाढणार नाही का?" ही माझी शंका तुम्ही एका वाक्यात मिटवलीत: दुसऱ्या पंख्याने साधारण ३ डेसिबल चढतात, पण त्यामुळे वेग निम्म्यावर आणता आला तर साधारण १५ डेसिबल उतरतात. सात हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि दोन्ही बाजूंनी पंखे असलेल्या त्या मनोऱ्यासारख्या कूलरचे सगळे मर्म या हिशेबात आहे.

त्याहून मोलाचे होते ते तुमचे रागावणे. मी परदेशी चाचण्यांचे आकडे फेकू लागलो तेव्हा तुम्ही विचारलेत, की त्या चाचण्या २०-२२ अंशांच्या खोलीत होतात, तुमच्या डोंबिवलीच्या खोलीत मे महिन्यात एसी बंद करून गाणे चालते तेव्हा किती अंश असतात? ३५, मी कबूल केले. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. तो फक्त दोघांतले अंतर कमी राखतो. तेव्हा त्यांच्याकडे ८२ अंश दिसणारा आकडा माझ्याकडे ९५ होणार, आणि १०० अंशांना हा प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवून घेतो. मग ओव्हरक्लॉक केले कशाला? त्याच वेळी तुम्ही माझा ५ गिगाहर्ट्झचा हट्ट मोडून काढलात. ४.८ वर उतरल्याने व्होल्टेज १.३६ वरून १.२६ वर आणता आले, आणि उष्णता वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते-घटते हे तुम्ही त्याच बिलाच्या कोपऱ्यात मांडून दाखवलेत: सुमारे १८ टक्के उष्णता कमी. त्या ०.२ गिगाहर्ट्झची उणीव मला आजवर एकदाही भासलेली नाही. आधीच्या दुकानात प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची पेस्ट पुरणपोळीवरच्या तुपासारखी सढळ हाताने ओतलेली पाहून तुम्ही जे उद्गार काढलेत ते मात्र येथे लिहिता येणार नाहीत.

एक बारीक गोष्ट निघता निघता केलीत. प्रोसेसरचे तापमान क्षणभर उसळले तरी पंख्यांनी लगेच धावत सुटू नये, म्हणून त्यांचा प्रतिसाद लांबवलात. पंखा एकसारखा चालला तर कान त्याला मागे टाकतो. तो वरखाली होऊ लागला की मन गाण्यावरून उडते, असे तुम्ही म्हणालात. गायकाच्या दृष्टीने हे किती खरे आहे ते मला दुसऱ्याच दिवशी कळले.

मजुरी तुम्ही घेतलीत, ती योग्यच घेतलीत, आणि त्याबद्दलही मला तुमचा आदर वाटतो. फुकट काम करून समोरच्याला ओशाळे करणारी माणसेही मी पाहिली आहेत. कामाचा दाम घेऊन, समोरच्याची तक्रार त्याच्या वेडेपणाच्या खात्यात न टाकता ती खरी असू शकेल एवढा विश्वास ठेवणे, हा सभ्यपणा मला अलीकडे इस्पितळाच्या खिडकीवरही सापडला नाही आणि बँकेतही सापडला नाही. तो सापडला तुमच्या गाळ्यात, सोल्डरच्या वासात, बंद पंख्याखाली.

आता पंखे मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. गेल्या आठवड्यात खोली ३४ अंशांवर असताना सलग दीड तास ध्वनिमुद्रण झाले आणि प्रोसेसर ७९ अंशांपुढे गेला नाही. बाईंनी तानपुरा पहिल्या झटक्यात लावला, डोळे मिटले आणि मला काही विचारले नाही. यमनचा विलंबित ख्याल संपल्यावर तानपुऱ्याची शेवटची छेड विरत जाते ती मी हेडफोन लावून चार वेळा ऐकली. ती खरोखर शून्यापर्यंत विरते. त्या ध्वनिमुद्रणाचा पेन ड्राइव्ह पुढच्या शनिवारी घेऊन येतो. तेवढे ऐकायला पंखा पुन्हा एकदा बंद करावा लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

पंख्याचा पडदा दूर झाल्यामुळे त्या मुद्रणात मध्यलयीच्या सुरुवातीला शेजारच्या जोशीवहिनींच्या कुकरच्या तीन शिट्ट्याही स्वच्छ उमटल्या आहेत. त्या काळी चारमध्ये नाहीत, एवढे मी तपासले आहे.

आपला कृतज्ञ,
डोंबिवलीचा चादरवाला