छायाचित्रासाठी प्राण्यांची झोपमोड

संपादक महोदय,

गेल्या रविवारी एका प्राणिसंग्रहालयात बिबट्याच्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. मूळचे निशाचर असलेले ते जनावर भर दुपारी आडोशाला निजले होते. पण त्याने मोबाइलकडे पाहावे म्हणून कोणी शिट्ट्या मारत होते, कोणी काचेवर अंगठी वाजवत होते आणि फ्लॅश एकामागून एक चमकत होते. अखेर ते उठून मागच्या भिंतीलगत येरझारा घालू लागले, तेव्हा गर्दीने टाळ्या वाजवल्या. मला मात्र तिथे थांबवेना.

प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे किंवा आवाज करून अथवा अन्य प्रकारे त्रास देणे यांस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ३८ जे अन्वये मनाई आहे, हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल? बिबट्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, म्हणूनच फ्लॅशच्या छायाचित्रात ते पेटल्यासारखे दिसतात. शिवाय काचेवर उलटलेल्या फ्लॅशचा पांढरा डाग छायाचित्रात उमटतो तो वेगळाच. त्यापेक्षा फ्लॅश बंद करून कॅमेरा अलगद काचेला टेकवला आणि प्राणी आपणहून हलेपर्यंत वाट पाहिली, तर छायाचित्र कितीतरी चांगले येते.

मी पाहिलेल्या फलकावर केवळ ‘खाद्य देऊ नये’ एवढेच लिहिले होते. त्यावर फ्लॅश व काच वाजवण्याचाही उल्लेख व्हावा आणि सुट्टीच्या दिवशी तरी प्रत्येक मोठ्या पिंजऱ्यापाशी एक रक्षक नेमावा, अशी सर्व प्राणिसंग्रहालयांच्या व्यवस्थापनांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक