आल्प्ससाठी मे महिना नको आणि दरी एकच पुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पर्यटन पानांवर 'आठ दिवसांत पाच देश' छापाचे बेत झळकू लागतात. त्यात आल्प्सच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो आणि त्यातलाही अर्धा बसच्या खिडकीत जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याला पाच-सहा दिवसांत, गाडी भाड्याने न घेता, नुसत्या रेल्वे, बस आणि रोपवेच्या जोरावर आल्प्स निवांत पाहता येतो. मात्र बेत उलट्या टोकाने आखावा लागतो: आधी तारखा, मग मुक्काम आणि सगळ्यात शेवटी तिकीट.

तारखांचे आधी सांगतो, कारण बहुतेकांचे तिथेच चुकते. आपली सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत. आल्प्समधले बरेचसे रोपवे नेमके याच दोन वेळा देखभालीसाठी बंद असतात. स्कीचा हंगाम आटोपला की एप्रिल-मेमध्ये आणि उन्हाळी हंगाम आटोपला की ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरात. वेळापत्रकावर 'रेव्हिजन' हा शब्द दिसला की समजावे, पाळणा हलणार नाही. मेमध्ये दोन हजार मीटरच्या वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात, ते वेगळेच. त्या दिवसांत हॉटेल स्वस्त मिळते त्याचे कारण हेच. उत्तम काळ जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. मुलांची शाळा आड येत असेल तर जूनचे पहिले दहा-बारा दिवस ही तडजोड. ज्या रोपवेसाठी जायचे त्याच्या चालू वर्षीच्या तारखा पाहिल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

मुक्काम एकाच दरीत ठेवावा. पहिल्या खेपेला स्वित्झर्लंडमधली लाउटरब्रुनेनची दरी सोयीची. झुरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्न आणि इंटरलाकेनमार्गे सुमारे तीन तास लागतात. इंटरलाकेनला स्टेशने दोन, वेस्ट आणि ओस्ट. डोंगराकडची गाडी ओस्टहून सुटते, म्हणून पाटीवर नुसते 'इंटरलाकेन' वाचून उतरायची घाई करू नये. इथून पुढे खरी फसगत होते. ओस्टहून निघणारी गाडी वाटेत त्स्वायल्युचिनेनला दुभंगते. काही डबे लाउटरब्रुनेनला जातात, काही ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी आणि फलाटावरची अ-ब-क अशी विभागांची अक्षरे बघून चढायचे. कुटुंब एका डब्यात आणि बॅगा दुसऱ्यात असे झाले तर दोन दऱ्यांत दोन संसार!

गाडी बदलायला कधी पाच-सात मिनिटेच मिळतात. वेळापत्रकच तसे बांधलेले असते, एक गाडी चुकली तर बहुधा अर्ध्या-एक तासात पुढची येते. साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, पण तीस किलोची बॅग घेऊन जिना चढताना ही पाच मिनिटे पुरत नाहीत. माणशी एक छोटी चाकांची बॅग आणि एक पाठपिशवी, एवढेच न्यावे.

तिकिटाबाबत आपल्याकडे डोळे झाकून 'स्विस ट्रॅव्हल पास' (ठरावीक दिवस रेल्वे-बसने हवे तितके फिरण्याचा पास) घेतात. तो ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो आणि रोज गाव बदलणाऱ्याला परवडतो. एका दरीत राहणाऱ्याने मात्र कागदावर हिशोब मांडावा. युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीपर्यंत रेल्वे जाते, तिचे परतीचे पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जाते. त्यावर पासधारकाला शेवटच्या मोठ्या टप्प्यावर २५ टक्के सवलत, तर महिनाभर चालणाऱ्या 'हाफ फेअर कार्ड'वर ५० टक्के. वर जायचेच असेल तर बऱ्याचदा कार्ड सरस ठरते. सहा ते सोळा वर्षांच्या आतली मुले आई किंवा वडिलांसोबत असतील तर मुलांचा प्रवास मोफत करणारे 'फॅमिली कार्ड' मागून घ्यावे, ते फुकट मिळते. ते आपणहून कोणी देत नाही. स्टेशनांवर फाटके नाहीत म्हणून तिकीट नंतर काढू असे म्हणू नये. मोबाइलवरचे तिकीटही गाडी सुटण्यापूर्वीच घेतलेले असावे लागते.

युंगफ्राउयोखचे तिकीट मुंबईतून ठरलेल्या तारखेचे काढून ठेवणे मला पटत नाही. ३४५४ मीटरवर ढग असला तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळी सात वाजता तिथल्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहावे आणि मग ठरवावे. ऐन हंगामात जागेचे आरक्षण आदल्या संध्याकाळी, हवामानाचा अंदाज बघून. वर पोहोचल्यावर डोके जड होणे साहजिक आहे. हळू चालावे, पाणी प्यावे. लहान बाळ किंवा हृदयविकार असलेले ज्येष्ठ असतील तर डॉक्टरांना विचारूनच न्यावे.

ढगाळ दिवस वाया जात नाही. डोंगराच्या पोटातले ट्रुमेलबाख धबधबे पावसातही पाहता येतात. निरभ्र दिवशी लाउटरब्रुनेनच्या वरच्या वेंगेन गावाहून रोपवेने मेनलिखेनच्या माथ्यावर जाऊन तिथून क्लाइने शाइडेग खिंडीपर्यंत चालावे: साधारण साडेचार किलोमीटर, दीड तास, वाट बव्हंशी उताराची आणि समोर आयगरचे शिखर. सह्याद्रीत फिरलेल्यांना ती सपाटच वाटेल. दरीच्या पलीकडच्या कड्यावर म्युरेन नावाचे मोटारी नसलेले गाव आहे, उंची १६३८ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर तिथे दुकाने आणि रेल्वे आहे. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसते, चालण्याचा वेळ असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. लाल-पांढरी खूण म्हणजे डोंगरवाट, निळी-पांढरी दिसली तर नवख्याने मागे फिरावे.

शाकाहारींनी रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा तव्यावरचा पदार्थ) मागवताना 'श्पेक नको' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर बटाट्यात डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. रविवारी गावातली बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवावे. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या भोकांत जात नाही, अॅडॉप्टर इथूनच न्यावा. प्रवासविमा शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा लागतोच. पण त्यात डोंगरातल्या हेलिकॉप्टर बचावाचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरात शोधून ठेवावे.

आपला,
एक वाचक, ठाणे